नेटची टाकी भरत नसते, आये

प्रिय आये,

जरा बस. म्हणजे तू आता तिथे बसतेस, उभी राहतेस की तरंगतेस ते मला काही माहीत नाही, पण जिथे असशील तिथे कान देऊन ऐक. मला एक बातमी सांगायची आहे आणि ती पोटात मावत नाहीये. काल संध्याकाळपासून घरभर नुसत्या येरझारा घालतेय. तुझ्या फोटोसमोर उभी राहून दोनदा सांगून बघितली, पण फोटोसमोर तोंड उघडलं की मला रडू येतं आणि मुद्दा राहून जातो. म्हणून शेवटी वही घेतली.

बातमी अशी, की तुझा आवाज तुटला नव्हता!

ऐकलंस? तुझ्या नातीच्या, प्रणालीच्या हळदीला तुझा आवाज तुटला नव्हता गो! आवाज ठणठणीत होता. गडबड होती ती वायफायची. आणि वायफायचीही सगळी नाही, अर्धीच बाजू. कुठली अर्धी ते तुला कळेपर्यंत सांगणार आहे, कारण मलाच कळायला आठ दिवस लागलेत आणि आता मी दिसेल त्याला पकडून शिकवतेय. परवा भाजीवाल्याला अपलोड म्हणजे काय ते समजावत होते. तो सुट्टे पैसे न घेताच पळाला.

तर तुझ्या त्या टाकीपासून सुरुवात करते.

आठवतं ना, आपल्याकडे वायफाय आलं तो दिवस? खाली आपण दोघी, वरच्या दोन मजल्यांवर नऊ खोल्या आणि नऊ भाडोत्री. गल्लीत सगळ्यांनी 'वायफायसकट खोली' अशा पाट्या लावल्या, म्हणून तूही लावायला लावलीस. मागे कशी राहशील तू! केबलवाल्याने तो दोन शिंगांचा पांढरा डबा भिंतीला ठोकला आणि तू त्याला पहिला प्रश्न काय विचारलास? "ये कवा कवा येतं?"

तो म्हणाला, "आजी, चोवीस तास येतं."

तू माझ्याकडे बघून डोळा बारीक केलास. घणसोली गावात चोवीस तास काय येतं? पाणी सकाळी तासभर येतं आणि त्या तासात ज्याने टाकी भरली तो दिवसभर राजा. आयुष्यभर तू पाण्याच्या वेळेवर उठलीस. तुझ्या हिशोबात जे नळातून येतं तेच वायरीतून येतं. दुसऱ्याच दिवसापासून तू बाराच्या ठोक्याला त्या डब्याचं बटण बंद करायला लागलीस आणि पाचला चालू.

"आगो कुंदे, दुपारचे सगली कामाला जातान. कनाला फुकट वाहून द्याचं? भरू दे. सांजच्याला सगल्यांना पुरल."

आणि मी हसले नाही हां! मलाही ते पटलं. मी दहावी पास, बालवाडीत वीस वर्षं बाई, आणि मला पटलं! मोबाईलमधला रोजचा डेटा संपतो की नाही? मग वायफायचाही संपत असणार, आणि संपतो म्हणजे साठतही असणार. नवीन भाडोत्री आला की आपण दोघी चावी देताना नियम सांगायचो. चपला बाहेर काढायच्या, गच्चीवर विडी ओढायची नाही, आणि दुपारी वायफायची टाकी भरत असते, बटणाला कोणी हात लावायचा नाही. नऊच्या नऊ जण मुकाट्याने ऐकायचे. तुझ्यापुढे बोलायची कोणाची टाप होती!

तू गेल्याला दीड वर्ष झालं, पण तो नियम मी मोडला नाही. तुझं लुगडं नातीला दिलं, तुझी खाट पोटमाळ्यावर टाकली, पण बारा वाजले की माझा हात आपोआप बटणाकडे जायचा. आता वाटतं, तेवढाच तुझा एक हुकूम माझ्याकडे राहिला होता.

मग पाच नंबरच्या खोलीत मीनाक्षी आली. लातूरकडची आहे, तिशी ओलांडलेली, नवरा तिकडे शाळेत मास्तर. ही महापेला एका कंपनीत नेटवर्कचं काम करते, म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांचं नेट अडलं की ही सोडवते. रोज सकाळी जाते, संध्याकाळी येते, त्यामुळे तिला आपल्या टाकीचा पत्ताच नव्हता. चावी दिली तेव्हा मी नियम सांगितला होता, तिला वाटलं मी पाण्याच्या टाकीबद्दल बोलतेय. गेल्या आठवड्यात कंपनीने तिला दोन दिवस घरून काम दिलं. बाराला पाच मिनिटं झाली आणि ही धडाधड जिना उतरून खाली.

"काकू, नेट गेलंय की ओ! मी मीटिंगमध्ये बोलायलेते अन् मधेच गेलं."

"गेलं नाही गं, भरतंय," मी म्हटलं.

"काय भरायलंय?"

"टाकी."

आये, ती पोरगी पायरीवर बसली आणि पोट धरून हसली. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. मला असा राग आला! म्हटलं, उद्याच्या उद्या खोली खाली कर. पण मग तिने विचारलं, "हे कुणी सांगितलं ओ तुम्हाला?" मी म्हटलं, "माझ्या आईने." आणि ती हसायची थांबली. पदर नव्हता तरी पदर सावरल्यासारखं केलं आणि म्हणाली, "काकू, चहा टाका. सगळं सांगते."

आता नीट ऐक, इथपासून शिकवणी आहे.

नेट साठत नाही. पाणी साठतं, तांदूळ साठतो, सुकी मासळी साठते, नेट साठत नाही. या सेकंदाला जेवढं येऊ शकतं तेवढं या सेकंदाचं. वापरलं तर वापरलं, नाहीतर गेलं. मोबाईलचा रोजचा डेटा असतो ना, ते किती वापरायचं त्याचं माप. आणि वायफायच्या प्लॅनवर जो आकडा लिहिलेला असतो, आपला पन्नासचा, ते किती वेगाने येतं त्याचं माप. दोन्ही वेगवेगळी मापं, आणि आपण दोघी एकाच मापाने मोजत बसलो!

त्यात आणखी एक गंमत आहे. तो पन्नासचा आकडा मेगाबिटचा, आणि फोनमधले फोटो-सिनेमे मोजतात मेगाबाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे पन्नासच्या प्लॅनवर सेकंदाला सहाच्या आसपासच खरं. तू असतीस तर केबलवाल्याची कॉलर धरली असतीस, "माप मारतंस मेल्या?" मी मीनाक्षीला तेच म्हटलं. ती म्हणाली, "मारत नाहीत ओ काकू, जगभर असंच लिहितात." असेल बाबा जगभर.

पण मला खरं कळलं ते कधी सांगू? ती रुंदी-रुंदी करत होती. नेटची रुंदी, त्याला बँडविड्थ म्हणतात. आणि एकदम माझ्या डोक्यात आजोबांची उघाडी आली! तू लहानपणी मिठागरावर जायचीस ना, बापाबरोबर? बांधातली ती लाकडी झडप, भरती आली की उघडायची आणि खाडीचं पाणी आत घ्यायचं. तूच सांगायचीस, एका फळीची उघाडी असली की पाणी बारीक धारेने येतं, दोन फळ्यांची असली की भसाभसा. मी मीनाक्षीला म्हटलं, "थांब, थांब. म्हणजे हे नेट टाकी नाही, उघाडी आहे. उघाडी जेवढी रुंद, तेवढं एका दमात जास्त येणार. आणि एकाच उघाडीवर दहा जणांचे आगर असले, तर सगळ्यांनी एकदम पाणी घेतलं की प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं. बरोबर?"

मीनाक्षी टकामका बघायला लागली. "काकू, मी चार वर्षं झालं नवीन लोकांना हे शिकवायलेय. इतकं सोपं मला एकदाही जमलं नाही." असं फुगायला झालं मला! अजून फुगलेलीच आहे.

मग म्हणाली, उघाडी रुंद असली तरी खाडीच्या तोंडापासून बांधापर्यंत पाणी यायला लागतो तेवढा वेळ लागतोच ना? तो वेळ निराळा. त्याला ती पिंग म्हणते. रुंदी वाढवून तो वेळ कमी होत नाही, कारण अंतर आहे तेवढंच आहे. हे लक्षात ठेव, पुढे येणार आहे.

आणि मग तिने बटण चालू करून माझ्या फोनवर वेग मोजून दाखवला. एक काटा असतो, स्कूटरला असतो तसा. काटा सर्रकन अठ्ठेचाळीसवर गेला. मी टाळ्या वाजवल्या! तेवढ्यात काटा खाली आला आणि दुसऱ्यांदा निघाला, तो तीनवरच थांबला. हलेचना.

"हे गं काय? बंद पडला?"

"नाही काकू. पहिलं होतं ते येणारं, डाउनलोड. हे जाणारं, अपलोड. तुमची जुनी केबलची लाइन आहे, त्यात जाणारं असंच कमी असतंय. लोक बसून सिनेमे बघतात, त्यांना येणारंच लागतं. जाणाऱ्याकडं कोण बघतंय?"

आये, चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. मी विचारलं, "मीनाक्षी, व्हिडिओ कॉलवर आपण बोललो, तर आपला आवाज कुठल्या बाजूने जातो?"

"जाणाऱ्या."

"आणि समोरचे आपल्याला दिसतात, ऐकू येतात, ते?"

"येणाऱ्या. का ओ काकू?"

माझ्या डोळ्यांसमोर तुझी हळद आली. प्रणालीची म्हणजे, पण मी तिला तुझीच म्हणते.

दामूदादाची प्रणाली आयर्लंडला नोकरीला, नवराही तिकडचाच, दोघांना सुट्टी नाही म्हणून लग्न तिकडेच ठरलं. पोरीने एकच हट्ट धरला, "हळदीला आजीचाच धवला पाहिजे." बरोबरच आहे! आपल्यात भटजी उशिरा आला तर चालून जातं, पण धवलारीण धवले गाऊन देवांना बोलावत नाही तोवर हळद कशी लावणार? आणि पंचक्रोशीत तुझ्याएवढी धवलारीण कोण होती? चाळीस वर्षं तू घणसोलीतली अर्धी लग्नं लावलीस. माइक नको म्हणायचीस. मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायचा तुझा आवाज.

त्या दिवशी तू सकाळीच न्हालीस, नवं लुगडं नेसलीस आणि जाऊन डब्याचं बटण बंद केलंस. "आज पुरा दीस भरू दे. माझी नात पार लांब हाय." नऊ खोल्यांना दिवसभर नेट नाही, कोणी हूं की चूं केलं नाही. संध्याकाळी साडेसातला गल्लीतल्या वीस बाया आपल्या खोलीत सतरंजीवर बसल्या, मी फोन ओट्यावर टेकवून ठेवला, तू बटण चालू केलंस आणि प्रणाली दिसली. कसली स्वच्छ दिसली! तिच्या हातावरची मेंदीसुद्धा मोजता येत होती. त्यांच्याकडे हॉलमध्ये मोठ्या टीव्हीवर तू.

तू धवला धरलास. दोन ओळी झाल्या आणि तिकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"आजी, आवाज तुटतोय."

तू मोठ्याने म्हटलंस.

"आजी, मधेच जातोय आवाज. परत म्हण ना."

तू परत म्हटलंस. परत, आणखी परत. किती वेळा ते मी मोजलं नाही, पण तुझ्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या आणि तोंड लाल झालं होतं. शेवटी खोकला लागला. तिकडे कोणीतरी लाउडस्पीकरवर गाणं लावलं, पोरी नाचायला लागल्या, आणि ते गाणं आपल्याला कसं अगदी खणखणीत ऐकू येत होतं! तू पदराने तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "माजा आवाज तुटला गो, कुंदे."

आता मला सांग, त्या खोलीत आम्ही वीस बाया होतो. हाताच्या अंतरावर बसून तुझा आवाज आमच्या कानांनी ऐकत होतो. आख्खा, भरलेला, नेहमीसारखा! एकीने तरी म्हणायचं की नाही, "काय बोलतंस हिराबाय, आवाज तर बरोबर हाय"? कोणी म्हटलं नाही. मी म्हटलं नाही! आयर्लंडहून सांगतायत म्हणजे खरंच असणार, आणि त्यांचं आपल्याला नीट येतंय म्हणजे लाइन चांगली, दोष तुझ्या गळ्याचा. असा सरळ हिशोब केला सगळ्यांनी. स्वतःच्या कानांपेक्षा फोनवर विश्वास! डोकं आपटून घ्यावंसं वाटतं मला.

तू त्यानंतर गायली नाहीस. तांदूळ निवडतानासुद्धा गुणगुणायची नाहीस.

आणि पुढचं तर मी तुला सांगायलाच हवं, कारण तुला ते माहीत होतं आणि मला वाटत होतं तुला माहीत नाही. दोन महिन्यांनी आपल्या गल्लीतली मंदाबाय पानसुपारी घेऊन आली होती, थोरल्याच्या हळदीला तुला बोलवायला. मी दारातच तिला म्हटलं, "आयेचा आवाज गेला गो मंदाबाय. दुसरी कोणी बघ." आत तू पडली होतीस. "कोन आलतं?" विचारलंस. मी म्हटलं, "कोणी नाही." तू भिंतीकडे तोंड केलंस. मंदाबायने गल्लीत सांगितलं, गल्लीने गावात, आणि मग पानसुपारी घेऊन कोणी आलंच नाही. मला वाटलं मी तुझी लाज राखतेय. चारचौघांत परत तसं व्हायला नको. तुला विचारलंसुद्धा नाही मी!

हे सगळं मी मीनाक्षीला त्या पायरीवर बसून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, मला वाटतंय तसंच झालं असणार. पण नुसतं वाटून काय उपयोग? करून बघू."

घरून कामाचे दोन दिवस संपल्यावर एके संध्याकाळी ती ऑफिसातच थांबली आणि बरोबर साडेसातला तिकडून व्हिडिओ कॉल लावला. फोन त्याच ओट्यावर. बटण त्या दिवशी मुद्दाम रोजच्यासारखंच बाराला बंद केलं होतं, वरच्यांना मी काही सांगितलं नव्हतं, त्यांचं नेहमीचं चालू. मीनाक्षी म्हणाली, "बोला काकू, काहीही बोला, पण सलग बोला." सलग काय बोलणार? बालवाडीतली गाणी आठवेनात. मी डोळे मिटले आणि तुझा धवला धरला.

जन्मात पहिल्यांदा एकटीने! इतकी वर्षं मी मागच्या बायांत बसून तू सोडलेली ओळ उचलायचे. पहिली ओळ माझ्या तोंडून निघाली आणि मलाच घाबरायला झालं, म्हटलं, ही कोण गातेय? पण येत गेलं. सगळं येत होतं मला, आये. मधे डोळे उघडून बघितलं तर मीनाक्षी समोर अगदी स्वच्छ दिसत होती, मान डोलावत होती. मग मान थांबली. चेहरा असा झाला... तो चेहरा मी ओळखला! प्रणालीचा झाला होता अगदी तसाच.

ती घरी आली तेव्हा तिने तिकडे रेकॉर्ड केलेलं मला ऐकवलं. एक शब्द आहे, दोन गायब, मधेच किर्र, मग अर्धा सूर, परत काही नाही. माझ्याच धवल्याची पार चाळण! आणि माझ्या घशाला तर काही झालेलं नव्हतं, हे मला माहीत होतं, कारण तो माझाच घसा होता. मी मीनाक्षीला मिठी मारली आणि रडले, हसले, काय काय केलं. सहा नंबरवाला जिन्यावरून विचारायला लागला, "आँटी, सब ठीक?" मी म्हटलं, "ठीक! एकदम ठीक!"

आता एक गोष्ट सांगू की नको असं झालंय. पण तुला अर्धवट सांगितलेलं कधीच चालायचं नाही, म्हणून सांगते. मीनाक्षीने शोधून काढलं की संध्याकाळी जाणारी उघाडी कोण अडवतं. आजकाल फोन स्वतःहून सगळे फोटो, व्हिडिओ वर कुठेतरी साठवायला पाठवतात, वायफाय मिळालं की लगेच. दिवसभर वायफाय बंद ठेवलं, की ते तुंबून राहतात. आणि चालू केलं की नऊ खोल्यांतले सगळे फोन एकदम सुटतात. तीनची ती अरुंद उघाडी, आणि त्यात सगळ्यांचं आधीच लोटलेलं. तुझा आवाज कुठून जाणार?

म्हणजे तू दिवसभर जे साठवत होतीस, ते नेट नव्हतंच. ती गर्दी साठत होती. नातीसाठी तू सकाळपासून जपून ठेवलंस आणि त्यानेच... जाऊ दे. तुझ्यावर रागवायचं म्हटलं तर रागावता येत नाही. तुझ्याइतकी काळजी त्या कॉलची दुसऱ्या कोणी घेतली होती? आणि रोज बाराला बटण दाबणारी मी तरी कोण मोठी शहाणी!

आता आपल्याकडे काय काय झालंय ते ऐक. बटणाला चिकटपट्टी लावलीय, कोणी बंद करायचं नाही. जुनी केबल काढून काचेच्या तारेची लाइन घेतली, त्यात येणारं जेवढं तेवढंच जाणारं. घेतानाच मी त्या माणसाला विचारलं, "अपलोड किती?" तो दचकला. म्हणाला, "मॅडम, हे कोणी विचारत नाही." म्हटलं, "मी विचारते." आणि गाताना वायफायवर भरवसा नको म्हणून मीनाक्षीने डब्यातून थेट तिच्या लॅपटॉपला वायर जोडून दिली. भिंतीआडून येताना वायफायचा जोर कमी होतो, वायरीतून होत नाही. हेही शिकले.

आणि काल संध्याकाळी साडेसातला मी प्रणालीला कॉल लावला. तिला काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, बस, ऐक. आणि गायले.

आख्खा धवला पोचला, आये! पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत! तिने मधेच मागची ओळ उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा आमची टक्कर झाली, कारण तिचा सूर माझ्यापर्यंत जरा उशिरा येत होता. तीच ती पिंग. बाजूला बसलेली मीनाक्षी म्हणाली, "त्याला इलाज नाही काकू, अंतरच तेवढं आहे." मग मी काय केलं, माझी ओळ सोडली की थांबायचं. तिची ओळ येऊन पोचू द्यायची, मग पुढची धरायची. धवला जरा संथ झाला, पण दोघींचा झाला. तूही नवख्या बाया मागे असल्या की अशीच थांबायचीस.

संपल्यावर पोरगी स्क्रीनच्या अगदी जवळ सरकली. मग म्हणाली, "आत्या, त्या दिवशी आजी आमच्यावर चिडली होती ना? आम्ही गाणं लावलं म्हणून? मी इतकी वर्षं तेच धरून बसलेय." बघ आता! ती तिकडे वेगळंच घेऊन बसली होती. मी तिला उघाडीपासून सगळं सांगितलं. ती रडत होती आणि मधेच हसत होती. म्हणाली, "म्हणजे आजी नीट गात होती?" मी म्हटलं, "नीट? अगं, तुझी आजी काय गात होती ते त्या खोलीतल्या आम्हा बायांनीच फक्त ऐकलं, आणि आम्ही बहिऱ्या निघालो."

आज सकाळी उठले ती थेट मंदाबायकडे गेले. तिच्या धाकटीची हळद आहे येत्या आयतवारी. महिन्यापूर्वी ती मला विचारून गेली होती, "धवलारीण नाय मिलत गो कुंदे, तू म्हनशील का?" आणि मी म्हटलं होतं, मला कुठे येतं. आज म्हटलं, "मी म्हणते." ती खूश. पण तिच्याशी त्याहून जास्त काही बोलले नाही. दारात उभी होते, दारातलं ते बोलणं परत नको वाटलं.

बोलणार आहे ते आयतवारी, मांडवात. त्या वीस बायांतल्या बहुतेक सगळ्या असतील. हळद भिजवून झाली की धवला धरायच्या आधी मी उभी राहणार आणि सांगणार, की हिराबाय धवलारणीचा आवाज शेवटपर्यंत शाबूत होता. तो गेला असं गावाला सांगणारी मी होते, आणि ते खोटं होतं. त्या आधी हसतील, कुंदी मांडवात वायफायचं काय घेऊन बसलीय म्हणून. हसू देत. शब्द पुढेमागे होतील, पण सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. मग तुझं नाव घेईन आणि पहिली ओळ धरेन. हे माझं तुला वचन आहे.

गावाला आयतवारी सांगेन, आये. पण आधी तुलाच सांगायला हवं होतं. आम्ही सगळ्यांनी ते खोटं ऐकलं आणि आपापल्या कामाला लागलो. तू एकटी दोन वर्षं ते खरं मानून गप्प बसलीस.

तुझी,
कुंदी